जिमचे बूट घेताना मऊ सोलवर भुलू नका

जिमसाठी पहिला जोड घेतला तेव्हा मी सोल अंगठ्याने दाबून बघितला होता. जितका मऊ तितका चांगला, एवढंच माझं शास्त्र. ट्रेडमिलवर मजेत चालले. पण खांद्यावर बार घेऊन स्क्वॉटला बसले की गादीवर उभं राहिल्यासारखे घोटे डगमगायचे. एक दिवस ट्रेनरने बूटच काढायला लावले. नुसत्या मोज्यांवर तेच वजन घेतलं आणि डगमग थांबली. इतके दिवस मी उगाच गुडघ्यांना बोल लावत होते.

धावायच्या बऱ्याच बुटांची टाच चवड्यापेक्षा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि खाली जाड फोम असतो. वजन घेतलं की तो फोम दबतो, तोही एकसारखा नाही. ट्रेनिंग शूजमध्ये हा फरक बहुधा ४ मिलिमीटरच्या आसपास, सोल सपाट आणि घट्ट. तुम्ही फक्त ट्रेडमिलवर धावणार असाल तर धावायचेच बूट घ्या. वजनं, लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), उड्या असं सगळं करणार असाल तर ट्रेनिंगचे.

दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. जिमचेच मोजे घाला, दोन्ही बूट घालून उभ्या राहा, आणि जो पाय मोठा त्याचं माप धरा. सगळ्यात लांब बोटापुढे (माझं अंगठ्याशेजारचं आहे) अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चालताना टाच उचलली जायला नको. बायकांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, म्हणून पुरुषांचा लहान नंबर बऱ्याचजणींना मागे ढिला होतो. मात्र चवडा रुंद असेल तर पुरुषांचे बूटही घालून बघा, त्यात लाजायचं काय? आणि हो, गरोदरपणात पाऊल वाढू शकतं. मी जुन्याच नंबराच्या भरवशावर ऑनलाइन मागवले आणि अंगठ्याचं नख काळंनिळं करून घेतलं.

आता बूट हातात घेऊन ओल्या फडक्यासारखा पिळून बघा. सहज पिळला गेला तर परत ठेवा. टोक वर दाबलं की तो चवड्यापाशी वाकायला हवा, मधोमध नाही.

घरी आल्यावर पहिला नियम, हे बूट रस्त्यावर घालायचे नाहीत. जिमहून आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका. लेस सैल करून आतला इनसोल बाहेर काढा आणि वाऱ्यावर ठेवा, निम्मा वास तिथेच जातो. वॉशिंग मशीन वर्ज्य. कडक ऊन आणि हेअर ड्रायरही, कारण उष्णतेने सोलचा गोंद सुटतो. जुना टूथब्रश आणि साबणाचं कोमट पाणी पुरतं. नंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा, बोळे ओले झाले की बदला. बूट काढताना दुसऱ्या पायाने टाच दाबून काढायची सवय मला होती. त्याने मागची कड चुरगळते आणि मग टाच धरत नाही.

दोनेक महिन्यांनी बूट टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या पातळीवर बघा. माझा डावा आतल्या बाजूला कललेला दिसला, म्हणजे सोल एका बाजूने दबला होता. त्याच आठवड्यात तो जोड बाद केला. वरून मात्र अगदी नवाकोरा होता.