भुजोडीचा लोकरी माग बघायला जाताना: बडोदेकरांसाठी

बडोद्याच्या मराठी घरांत कच्छी शाल नवी नाही. सत्काराला, मुंजीला, लग्नातल्या मानपानाला ती दिली-घेतली जाते, आणि बहुतेक वेळा प्रदर्शनातून किंवा दुकानातून आणलेली असते. ती जिथे विणली जाते ते भुजोडी गाव एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तिथली वणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या घरातच माग चालवतात आणि आलेल्या माणसाला तो दाखवतातही. मात्र बरेचजण थेट शालींच्या कपाटापाशी जातात, दोन शाली घेतात आणि मागाकडे जाता जाता एक नजर टाकतात. क्रम उलटा ठेवा. माग आधी नीट बघितला, तर समोर उलगडलेल्या दोन शालींच्या भावात दसपट फरक का आहे, हे कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

कधी जायचं, कसं जायचं

मुंबईहून भूजला जाणाऱ्या कच्छ एक्सप्रेस आणि सयाजीनगरी एक्सप्रेस या दोन्ही गाड्या रात्री बडोद्यावरून जातात आणि सकाळी भूजला पोचवतात. थंडीत रणोत्सवाच्या गर्दीमुळे तिकिटं लवकर संपतात. मोटारीने गेलात तर आठ-नऊ तास धरा. भूजपासून भुजोडी अहमदाबाद रस्त्यावर साधारण ८ किलोमीटर आहे, रिक्षा मिळते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दिवाळी ते लाभपाचम हे दिवस टाळा, सणासाठी माग बंद असण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात माग चालू असला तरी उघड्यावरची कामं अडतात: ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) दिलेली पिठाची खळ वाळत नाही, रंगवलेल्या लडी ओल्या राहतात. त्यामुळे बघायला मिळतं ते अर्धंच.

सकाळी नऊच्या सुमाराला पोचा. ताण्याचं काम ऊन चढायच्या आत उरकतात, अकरानंतर गेलात तर ते हुकतं. एका कुटुंबाकडे दोन ते अडीच तास लागतात. दिवसात दोनच घरं करा. पाच घरं केलीत तर पाच घरांत चहा होईल, माग मात्र एकही नीट बघून होणार नाही.

आदल्या आठवड्यात फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी मागावर लोकर आहे का, की सुती? (उन्हाळ्याकडे अनेक माग काला कॉटन या कच्छच्या देशी कापसावर जातात.) ताणा लावायचं किंवा रंगाचं काम त्या दिवशी आहे का? आणि किती माणसं आलेली चालतील? चार-पाच जणांपर्यंत अडचण येत नाही. त्याहून जास्त असाल तर दोन तुकड्या करा. वणकर घरात कच्छी बोलतात, बाहेरच्यांशी गुजराती आणि हिंदी. बडोदेकरांना गुजराती येतंच, तिचा इथे पुरेपूर उपयोग करा. हिंदीत विचारलं की ठरलेली माहिती मिळते. गुजरातीत ‘भाई, आ केटला दिवसनुं काम?’ असं विचारलं की खरी बोलणी सुरू होतात.

आधी सूत

घरात गेल्यावर पहिल्यांदा सूत हातात घ्यायला मागा. तीन प्रकार भेटतील. देशी लोकर जाडसर, जराशी टोचणारी असते, आणि पांढऱ्या-तपकिरी-काळ्या नैसर्गिक छटांत मिळते. पूर्वी रबारी धनगरांच्या मेंढ्यांची लोकर वणकरांकडे यायची आणि त्यांच्यासाठी ढाबळा (जाड लोकरी पांघरूण), ओढणी, घागऱ्याचं कापड विणलं जायचं. दुसरी मेरिनो, बाहेरून येणारी, मऊ आणि बारीक. अंगावर घ्यायच्या बहुतेक शाली आता हिच्या असतात. तिसरं ॲक्रिलिक: हलकं, जरा चकचकीत, हाताला गुळगुळीत. ॲक्रिलिकची शाल काही शेकड्यांत मिळते, धुवायला सोपी असते आणि सांगून विकली तर त्यात गैर काही नाही. न सांगता लोकर म्हणून विकली तर मात्र फसवणूक आहे.

ओळखायची खात्रीची पद्धत म्हणजे जाळून बघणं. शालीतला धागा ओढू नका. कांडी (धाग्याची छोटी रीळ) भरताना पडलेला बोटभर तुकडा मागून घ्या, मागापासून दूर अंगणात जा, चिमट्यात धरून खाली ताटली ठेवा आणि काडी लावा. लोकर सावकाश जळते, काडी बाजूला केली की आपणच विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा दाणा बोटाने चुरतो. ॲक्रिलिक वितळत भराभर पेटतं आणि गार झाल्यावर टणक, न चुरणारी गाठ उरते. मिश्र सुतात दोन्ही खुणा थोड्या थोड्या दिसतात, म्हणून ताण्याचा आणि बाण्याचा (आडव्या धाग्याचा) तुकडा वेगवेगळा जाळा.

रंगाची जागा शेजारीच असते. लोकर लाखेचा लाल रंग सुरेख धरते, निळ्यासाठी नीळ, पिवळसर छटांना डाळिंबाची साल. नैसर्गिक रंगाच्या दोन घाण्यांत छटा थोडी बदलतेच. एकाच शालीत मधूनच फिका पट्टा दिसला तर बहुधा दुसऱ्या घाण्याची लडी लागलेली असते.

ताणा: इथे जास्त वेळ द्या

पाहुणे मागापाशी रमतात, पण शाल बिघडते किंवा साधते ती ताण्यात. हे काम बहुतेक घरांत बायकांच्या हातात असतं. समजा शाल ४० इंच रुंद आहे आणि इंचाला ३६ धागे आहेत, तर ताण्यात १४४० धागे झाले. प्रत्येक धागा सारख्या ताणाचा हवा. पाच-दहा धागे जरी ढिले राहिले तरी त्या जागी कापड फुगतं, आणि धुतल्यावर लाटेसारखी सुरकुती कायमची बसते.

ताणा अंगणात लांबवर पसरून त्याला गव्हाच्या पिठाची खळ देतात. आपल्याकडे घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, कारण तेच. लोकरीच्या धाग्याला बारीक तंतू सुटलेले असतात. खळ कमी पडली तर शेजारशेजारचे तंतू एकमेकांत गुंततात आणि मागावर वर-खाली होताना तुटतात. जास्त झाली तर धागे चिकटून ताणा उघडत नाही, कापडही कडक येतं. कुंचल्याने खळ एकाच दिशेने कशी ओढतात आणि मध्ये मध्ये चिकटलेले धागे बोटांनी कसे सोडवतात, ते नीट बघा.

नवा ताणा मागावर चढवताना जुन्या ताण्याची टोकं फणीतच (धागे ज्यातून जातात त्या कंगव्यासारख्या चौकटीत) ठेवलेली असतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडतात. बोटं सटकू नयेत म्हणून राख लावतात. अंगठा आणि तर्जनी, एक छोटी फिरकी, पुढचा धागा. गाठ मारत नाहीत, कारण गाठ फणीतून जाताना अडकते. असे १४४० जोड. जोडताना एक जरी धागा चुकून पुढच्याला लागला तर तिथून पुढचे सगळे एकेक घर सरकतात आणि पुन्हा मोजणी करावी लागते. म्हणून हे काम चालू असताना प्रश्न विचारू नका. हातातली जुडी संपेपर्यंत थांबा.

अंगणात पसरलेला ताणा ओलांडायचा नाही, वळसा घालून जायचं. मुलांना बरोबर नेत असाल तर हे दारातच सांगा.

मागापाशी

बरेच माग खड्ड्याचे आहेत. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात, पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की ताण्याचे निम्मे धागे वर आणि निम्मे खाली जातात. मधल्या फटीतून बाण्याचा धागा घेऊन धोटा जातो, फणी पुढे ओढून बाणा ठोकला जातो. जमिनीजवळच्या ओलाव्याने लोकर कोरडी पडत नाही आणि धागे कमी तुटतात.

तुम्ही विणकराच्या खांद्यामागे, जरा बाजूला बसा. दोरी ओढून पळवायचा धोटा असेल तर मागाच्या डाव्या-उजव्या टोकाला कधीही बसू नका. धोट्याची टोकं धातूची असतात आणि ताण्यात अडखळला तर तो बाहेर उडतो. ओढणी, पदर, गळ्यातला कॅमेरा सांभाळा. ताण्याला हात लावायची इच्छा होते, लावू नका. तेलकट बोटाचा डाग रंगात उठून दिसतो.

बघायच्या गोष्टी दोन. पहिली, ठोका. एका लयीत सारख्या जोराने ठोकलं तर कापड एकसारखं येतं. मध्येच थांबून पुन्हा सुरू केलं की त्या ओळीला दाट किंवा विरळ पट्टा उमटू शकतो, म्हणूनच हाक मारायची ती विणकर आपण होऊन थांबेल तेव्हा. दुसरी, कड. बाणा जास्त ओढला तर कड आत येते. रुंदी राखण्यासाठी विणलेल्या भागावर टोकाला अणी असलेली आडवी काठी लावतात आणि थोड्या थोड्या अंतराने पुढे सरकवतात. काठी सरकवायला उशीर झाला की शाल मध्ये अरुंद होते.

नक्षी यंत्राने उचलली जात नाही. विणकर ताण्याचे धागे मोजून बोटांनी उचलतो आणि रंगीत धाग्याचा तुकडा घालतो, मग मूळ कापडाचा बाणा, मग पुन्हा रंगीत. चौमुख, सतकणी, वांकियो हे नेहमीचे आकार. आराखडा कागदावर नसतो, मोजणी डोक्यात असते. खालच्या ओळीत एक धागा चुकला तर तो चार-सहा ओळी वर गेल्यावर दिसतो आणि तितकं सगळं उसवावं लागतं. साधी कड असलेली शाल दोन-तीन दिवसांत होते. दोन्ही पदर गच्च भरलेल्या शालीला महिना लागू शकतो. भावातला फरक तो हाच.

घेताना

शाल उलटी करून बघा. हाताच्या नक्षीत रंगीत धागा आकाराच्या कडेला वळून परत आलेला दिसतो. यंत्राच्या कापडात तो एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत लोंबत गेलेला असतो किंवा कापून टाकलेली झुपकेदार टोकं राहतात. मग शाल उजेडासमोर धरा, ठोक्याचे पट्टे तिथे कळतात. दोन्ही टोकांना आणि मध्ये रुंदी मोजा, अर्धा-पाऊण इंच फरक हातमागावर चालतो. नक्षीच्या दोन जोडांत बारीकसा फरक असणं हा दोष नाही. धागा तुटून पडलेलं भोक हा दोष आहे. हॅन्डलूम मार्कचं लेबल २००६ पासून आहे. ते कापड हातमागाचं असल्याचं सांगतं, लोकर शुद्ध आहे की नाही ते नाही.

घासाघीस फार करू नका. किती दिवसांचं काम आहे ते विचारा, सूत कोणतं ते विचारा, आणि स्वतः हिशेब मांडून बघा. काही घ्यायचं नसेल आणि त्यांनी दोन तास दिले असतील तर ‘शुं आपवुं?’ असं सरळ विचारून मोबदला द्या. फोटो विचारून काढा. नव्या, अर्धवट विणलेल्या नक्षीचा जवळून फोटो काढू नका, पॉवरलूमवर नकला अशाच होतात.

सांगून विणून घ्यायची असेल तर लांबी-रुंदी (नेहमीची सुमारे ४० × ८० इंच, गोंडे वेगळे), सूत, रंगाचा नमुना आणि तारीख कागदावर लिहून द्या. रंग मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नका, धाग्याचा तुकडा द्या. लग्नासाठी हवी असेल तर निदान तीन महिने आधी सांगा.

वेळ उरला तर कुकम्याजवळची खमीर ही हस्तकला संस्था आणि अजरखपूरचं एलएलडीसी हे हस्तकलांचं संग्रहालय त्याच बाजूला आहे. सुटीचा वार आधी बघून घ्या.

घरी आणल्यावर

लोकर गरम पाण्यात, तीव्र साबणात आणि चोळल्याने आटते. तंतूंवरची खवलं एकमेकांत अडकतात आणि मग ती सुटत नाहीत. थंड पाणी, लोकरीसाठीचा सौम्य द्रवसाबण, दहा मिनिटं भिजवून नुसतं दाबायचं. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा. दोरीवर टांगलेली ओली शाल स्वतःच्या वजनाने लांब होते.

बडोद्याचा पावसाळा लोकरीला वाईट. कसरीची अळी लोकर खाते आणि घामाचे, अन्नाचे डाग असतील तिथे आधी पोचते, म्हणून मळकी शाल कधीही ठेवून देऊ नका. जूनच्या आधी धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात बांधा. कसर लागल्याची शंका आली तर शाल प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना निदान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर थंड लोकरीवर दव जमतं.