पाऊस सरला की गुलाबाला कात्री

गोव्यात गुलाबाचं वर्ष पावसावर चालतं. घाटावर दसऱ्याच्या सुमारास छाटणी करतात. आमच्या डिचोलीत परतीचा पाऊस कधी कधी दिवाळीपर्यंत रेंगाळतो. ओल्या हवेत कापलेल्या टोकाला बुरशी लागते आणि फांदी वरून खाली काळी पडत वाळते. म्हणून आठवडाभर सलग कोरडा गेल्याशिवाय मी कात्री काढत नाही. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण सहा-सात आठवडे लागतात, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला छाटलं तर नाताळात फुलं.

वाळक्या, रोगट आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या आधी बुडापासून काढायच्या. तीन-चार जोमदार फांद्या ठेवून त्या गुडघाभर उंचीवर छाटायच्या. काप तिरका, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (नवा कोंब फुटतो त्या फुगीर ठिपक्याच्या) पाव इंच वर. मग कापलेलं टोक निरखून बघा. आतला गाभा पांढरा असेल तर ठीक; तपकिरी असेल तर पांढरा दिसेपर्यंत इंच-इंच खाली उतरा. इथे फांदीची माया करू नका, तपकिरी भाग ठेवला की रोग खाली उतरतोच. कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या झाडाचा असतो, तो ओढून काढा.

आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. छाटणीच्या पंधरवडाभर आधी दर झाडाला मूठभर चुना मातीत मिसळा, छाटणीनंतर कुजलेलं शेणखत आणि निंबोळी पेंड. चुना आणि शेणखत एकदम देऊ नका, खतातला नत्र उडून जातो.

एप्रिल-मेमध्ये बुंध्याभोवती नारळाची सोडणं (वरची जाड सालं) अंथरा. पानाखाली लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर सकाळी खालून पाण्याचा फवारा मारा.

खरी परीक्षा जूनपासून. चिऱ्यांची कड बांधून वाफा फूटभर उंच करा, कुंड्यांखालच्या थाळ्या काढा, खत बंद ठेवा. पानांवर पिवळ्या कडेचे काळे ठिपके आले की ती पानं, गळलेलीसुद्धा, रोज वेचून जाळा. उघडीप मिळाली की बोर्डो मिश्रण फवारा: 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना 5 लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं विरघळवून तिसऱ्या बादलीत एकत्र ओता. त्यात कोयत्याचं घासलेलं पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी वाढवा. नाहीतर पानं करपतील. मिश्रण त्याच दिवशी संपवा.