प्रिंटरचा पत्ता सर्व्हरकडून: नव्यानं सपोर्टला लागलेल्यांसाठी

सीताबर्डीतल्या एका ऑफिसात सपोर्टला लागलो, तो नेमका मे महिना. दुपारी लाइट जायची, आली की पाच मिनिटांत अकाउंट्सच्या ताईंचा फोन: "अरे, प्रिंटर पुन्हा ऑफलाइन!" जाऊन बघावं तर कागद आहे, टोनर आहे, हिरवा दिवा लागलेला. फक्त आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, बदललेला. कॉम्प्युटर बिचारे जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसलेले.

आमचा राउटर डीएचसीपीनं, म्हणजे मशीनांना आपोआप आयपी देणाऱ्या पद्धतीनं, पत्ते वाटायचा. हे पत्ते भाड्याचे असतात, मुदतीला लीज म्हणतात. लाइट गेली की आमच्या राउटरची नोंद पुसली जायची आणि आधी येईल त्याला आधी खोली.

मी शहाणपणा केला. प्रिंटरच्या पॅनलवरच १९२.१६८.१.५० टाकून मोकळा झालो. पंधरा दिवस शांतता. मग राउटरनं तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाइलला दिला आणि बिलं कधी निघायची, कधी नाही. सीनिअर म्हणाले, "काहून रे, भाड्यानं चाललेल्या खोल्यांतलीच एक न विचारता बळकावली का तू?"

मग एका जुन्या पीसीवर उबुंटू टाकून डीएचसीपी सर्व्हर उभा केला. मी आयएससी या संस्थेचा डीएचसीपी सर्व्हर वापरला होता, पण त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली. आज करणार असाल तर त्याच संस्थेचा नवा सर्व्हर केआ घ्या, लहान ऑफिसला डीएनएसमास्क हा छोटा सर्व्हर पुरतो.

सर्व्हर बसवणं अर्ध्या तासाचं काम, वेळ जातो तो रिझर्व्हेशनमध्ये. प्रिंटर पुन्हा ऑटोमॅटिकवर ठेवायचा आणि सर्व्हरला सांगायचं, हा मॅक अॅड्रेस आला की हाच आयपी द्यायचा. मॅक म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख सांगणारी बारा आकडे-अक्षरं, प्रिंटरच्या कॉन्फिगरेशन पेजवर छापून मिळतात. केबलचा मॅक वेगळा, वायफायचा वेगळा. मी वायफायचा उतरवला आणि केबल लावून तासभर डोकं खाजवत बसलो. आयएससीमध्ये राखीव पत्ता वाटपाच्या पूलबाहेरचा ठेवायचा, विंडोज सर्व्हरमध्ये मात्र तो स्कोपच्या, म्हणजे सर्व्हरला नेमून दिलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याच्या, आतलाच लागतो. एकीकडून दुसरीकडे जाणारे इथे हमखास अडकतात.

नवा सर्व्हर चालू करण्याआधी राउटरमधला डीएचसीपी बंद करा. दोघंही वाटत बसले तर ज्याची ऑफर आधी पोचेल तीच मशीन बहुतेकदा घेतं. सर्व्हरचा स्वतःचा पत्ता तेवढा हातानं टाकायचा. विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट निवडा. छपाईचा डेटा सहसा ९१०० पोर्टवरून जातो.

एवढं करूनही पुढच्या वेळी लाइट आल्यावर ताईंचा फोन आलाच. प्रिंटरवर १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता. म्हणजे पत्ता देणारा कोणी सापडलाच नाही, म्हणून प्रिंटरनं स्वतःच एक घेतला. सर्व्हर कुठे होता? टेबलाखाली, बंद. लाइट आल्यावर पीसी आपोआप चालू होत नाही, बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, तशी सेटिंग करावी लागते. ती केली, पीसी आणि स्विच दोन्ही यूपीएसवर घेतले आणि प्रिंटर एकदा बंद-चालू केला. राखून ठेवलेला १९२.१६८.१.२४१ आला.