बेल्ट तुटला की आधी चावीवरचा हात काढा

"मेस्त्रीनू, गाडी चलता चलता बंद पडली. आवाज नाय, धूर नाय. सेल्फ मारतंय तर नुसती भरभर फिरता."

गणपतीच्या आदल्या रात्री नांदगाव तिठ्यावरून आलेला फोन. 'भरभर फिरता' ऐकलं आणि पुढचं मला कळलं. "परत सेल्फ मारू नकात!" म्हणून ओरडलो, पण तोवर त्या बाबाने सात-आठदा चावी फिरवली होती. वर दोन रिक्षावाल्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून धक्काही मारला होता. कोकणात मदतीला माणसं कमी पडत नाहीत, हाच इथे घात.

कणकवलीत हायवेच्या कडेला माझं गॅरेज आहे. टायमिंग बेल्ट तुटलेल्या गाड्या वर्षातून चार-पाच तरी येतात, त्यातल्या बऱ्याचशा गणपती नाहीतर शिमग्याला. तेव्हा रस्त्यावर मालकाने काय करायचं आणि गॅरेजात मेस्त्रीकडून काय करून घ्यायचं, ते सांगतो.

सेल्फ भरभर का फिरतो? क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह (हवा-धुराच्या झडपा) उघडणारा वरचा दांडा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक व्हायला हवा. ही जोडी रबराचा दातेरी टायमिंग बेल्ट सांभाळतो. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि दाब धरायला काही उरत नाही. म्हणून सेल्फला जोर लागत नाही. पण क्रँक लगेच थांबत नाही. डिझेल इंजिनात वर आलेला पिस्टन हेडपासून, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणापासून, जेमतेम मिलिमीटरभर लांब असतो. त्याच्या वाटेत व्हॉल्व्ह लोंबकळत असला की धडक ठरलेली. पहिल्या धडकेत व्हॉल्व्ह वाकतो. पुढच्या प्रत्येक सेल्फला तो अजून वाकतो, आणि कधीतरी त्याची टोपी तुटून सिलिंडरात पडते. मग पिस्टनही जातो.

काही जुन्या पेट्रोल इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात मोकळी जागा असते. तिथे नवा बेल्ट घातला की गाडी परत चालते. पण आपली गाडी त्यातली असेल या आशेवर चावी फिरवू नका. आणि बेल्टची गाडी की चेनची, हे आजच विचारून ठेवा. डस्टर-व्हेरिटोच्या १.५ डिझेलला बेल्ट आहे, स्विफ्ट-डिझायरच्या १.३ डिझेलला चेन.

चालत्या गाडीत, त्यातून फोंडा घाट उतरताना हे झालं तर आधी क्लच दाबा आणि न्यूट्रल करा. गाडी गिअरमध्ये राहिली तर चाकंच क्रँक फिरवत राहतात आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत राहतो. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड होणार आणि ब्रेकची मदत दोन-तीन दाबांत संपणार. त्यामुळे ब्रेक पंप करू नका, एकदाच दाबून धरा. डावीकडे घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकाला दगड लावा. घाटात दोर बांधून टोचन करू नका. मागच्या गाडीला ब्रेकची मदत नसते, हे पुढच्याला फार उशिरा कळतं. ट्रकवर चढवूनच आणा. आणि विम्यावर फार भिस्त ठेवू नका, झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या पॉलिसीत बसत नाही.

गाडी गॅरेजात आली की वरचं टायमिंग कव्हर काढून टॉर्च मारायला सांगा. बेल्ट तुटून लोंबत असेल तर विषयच मिटला. कधी कधी मात्र वरून बेल्ट धडधाकट दिसतो आणि खाली क्रँकच्या पुलीपाशी त्याचे दात साफ झालेले असतात. म्हणून 'बेल्ट तर आहे की' म्हणत पुन्हा सेल्फ मारू देऊ नका.

आता माझी चूक. गॅरेज नवं होतं तेव्हा एका टेम्पोवाल्याने गयावया केली, "हेड खोलू नको, परवडायचा नाय." मी नुसता नवा बेल्ट घातला, कॅम-क्रँकच्या खुणा जुळवल्या आणि सेल्फ मारला. इंजिन तीन सिलिंडरवर थडथडत सुरू झालं. तो खुश, मीही. ओरोसच्या पुढे वाकलेला व्हॉल्व्ह तुटला, पिस्टनला भोक पडलं, ब्लॉकही गेला. अर्धा खर्च मी सोसला. तेव्हापासून तपासल्याशिवाय बेल्ट घालत नाही.

तपासणी फार महाग नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक पाव फेऱ्याच्या आत फिरवून चारही पिस्टन मधोमध आणता येतात. पाना हातात घेऊन, सेल्फने नाही. अडलं तर जोर न लावता उलटं फिरवायचं. पिस्टन मधोमध आले की कॅम हाताने बिनधास्त फिरवता येतो, कुणी कुणाला धडकत नाही. गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढायचा. मग ज्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत, त्याच्या ग्लो प्लगच्या (डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) भोकातून कॉम्प्रेसरची थोडी हवा सोडायची आणि कान लावायचा. एअर फिल्टरकडून फुस्स आलं तर हवा आत घेणारा व्हॉल्व्ह वाकलाय. सायलेन्सरमधून आलं तर धूर बाहेर सोडणारा. तेल ओतायच्या तोंडातून भरपूर हवा आली तर पिस्टन-रिंगकडे संशय. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे हेडखालची गॅसकेट (सांधा बंद करणारी पातळ पट्टी) गेली. मालकाला मी शेजारी उभं करतो. एकदा स्वतःच्या कानाने ऐकलं की बिलावरून वाद होत नाही.

व्हॉल्व्ह कव्हर उघडं असेल तर फिलर गेजनेही, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनीही, कळतं. वाकलेला व्हॉल्व्ह पूर्ण वर बसत नाही, म्हणून कॅम आणि त्याच्यामधली फट नेहमीपेक्षा मोठी भरते. काही इंजिनांत कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये रॉकर नावाची छोटी तरफ असते, तिथे कधी रॉकर मोडून पडलेला दिसतो. तो मोडला म्हणून व्हॉल्व्ह वाचला असं धरून चालू नका.

हेड उतरलं की पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखे ठसे दिसतात. नुसता चकचकीत ठसा असेल तर मी घाबरत नाही. नख अडकावं अशी खाच किंवा भेग असेल तर पिस्टन बदला. त्यानंतरची एक पायरी बरेच जण गाळतात: पिस्टन क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड. चारही पिस्टन आळीपाळीने सगळ्यात वर आणून डायल गेजने उंची मोजायची. एखादा इतरांपेक्षा खाली राहिला तर त्याचा रॉड वाकलाय. ही मोजणी सोडली की नवीन हेडकामावर तोच पिस्टन महिनाभर टकटक करतो आणि मालक मेस्त्रीला शिव्या देतो.

हेडचं काम आम्ही कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवतो. पूर्वी मीच गोणपाटात बांधून एस.टी.ने न्यायचो. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडताना "काय फणस हा की काय?" विचारायचा. तिथला कारागीर व्हॉल्व्ह काचेच्या तुकड्यावर आडवा ठेवून बोटाने लोळवतो. सरळ असेल तर गुपचूप लोळतो, वाकला असेल तर टोपी लंगडते. केसाएवढा वाकसुद्धा काचेवर लपत नाही. आठपैकी पाच वाकले असतील तर मी आठही बदलायला सांगतो, कारण उरलेल्या तिघांनीही मार खाल्लेला असतो. व्हॉल्व्ह ज्यातून सरकतात ते गाइड तडकलेत का, कॅम चिरलाय का, हेड सपाट आहे का, हे तिथेच पाहून घ्यायचं. व्हॉल्व्ह बसवल्यावर पोर्टमध्ये (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेत) रॉकेल किंवा डिझेल ओतून ठेवायचं. टोपीच्या कडेने पाझरलं तर परत घासायला द्यायचं. डिझेल गाडी असेल तर गॅसकेट कोणत्या जाडीची होती, ते जुनी फेकण्याआधी बघा. तिच्यावरच्या खाचा-भोकांवरून जाडी कळते.

खर्चाचा अंदाज: नुसता बेल्ट किट वेळेवर बदलला तर काही हजारांत भागतं, हेड उतरलं की त्याच्या चार-पाचपट, आणि पिस्टन-रॉड गेले तर जुन्या गाडीची किंमतच समोर येते. तेव्हा भंगारातलं चालू इंजिन बघायला हरकत नाही, पण त्याचा नंबर आरटीओत आरसीवर चढवून घ्या. नाहीतर गाडी विकताना अडाल.

परत जोडताना नुसता बेल्ट कधीच घेऊ नका. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर, त्याला वाट देणारी आयडलर पुली, आणि वॉटर पंप बेल्टवर चालत असेल तर तोही, शिवाय कॅम-क्रँकची ऑइल सीलं. ज्या हेड बोल्टना कंपनीने एकदाच वापरा म्हटलंय, ते नवे. बेल्ट दुमडून खिशात घालणारा पोऱ्या माझ्याकडे टिकत नाही. बसवून झाल्यावर पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे, परत खुणा जुळतात का बघणं, आणि मगच सेल्फ.

आणि जुना बेल्ट फेकू नका, तो कशाने तुटला ते त्याच्यावरच दिसतं. दात साफ झालेले असतील तर बहुधा पंप, कॅम किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी जाम झालं होतं. कड झिजलेली असेल तर टेन्शनर तिरका. तेलाने चिकट असेल तर सील गळतंय. ते कारण तसंच ठेवून नवा बेल्ट घातला तर तोही जाणार.

त्या नांदगाववाल्याचा बेल्ट मध्येच आडवा तुटला होता, पाठीवर बारीक भेगा. गाडी फक्त ३८ हजार चाललेली. "किलोमीटर तर झालेच नायत!" तो म्हणाला. पण गाडी वर्षातले दहा महिने देवगडला आमराईत ताडपत्रीखाली उभी आणि बेल्ट नऊ वर्षांचा. रबराचं वय उभ्या गाडीतही वाढतं. बहुतेक कंपन्या किलोमीटरबरोबर वर्षांचीही मुदत देतात, ती पुस्तकात मागच्या पानांवर असते आणि कुणी तिथवर जात नाही.

सहा व्हॉल्व्ह वाकले, एक रॉड. तो अनंत चतुर्दशीनंतर तुतारी एक्सप्रेसने मुंबईला गेला, गाडी दसऱ्याला तयार झाली. टायमिंग कव्हरवर मी पांढऱ्या पेंटने तारीख आणि किलोमीटर लिहून दिलेत. परवा त्याचा फोन आला, शिमग्याला येतोय म्हणून. पहिला प्रश्न, "मेस्त्रीनू, ता पांढरा लिवलेला पुसाक नाय ना?"