बारा देश, बारा महिने: वाचायला बसण्याआधी

देशोदेशीच्या कादंबऱ्या वाचायच्या तर आधी देशांचा आकडा ठरवा आणि तो लहानच ठेवा. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. पंधरवड्याला एक कादंबरी धरली तरी सात वर्षं उलटून जातात. ॲन मॉर्गन या ब्रिटिश लेखिकेनं २०१२ या एका वर्षात जवळजवळ प्रत्येक देशाचं एकेक पुस्तक वाचून काढलं हे खरं. पण साओ टोमे आणि प्रिन्सिपे या चिमुकल्या देशाचं इंग्रजीत काही सापडेना, तेव्हा स्वयंसेवकांकडून एक पुस्तक मुद्दाम भाषांतरित करून घ्यायची वेळ तिच्यावरही आली. आपल्यामागे नोकरी आहे, डबे आहेत. महिन्याला एक, वर्षाला बारा, एवढं पुरे. मी पहिल्या वर्षी तीस देश लिहून काढले होते. दिवाळीपर्यंत सात झाले आणि वही कपाटात गेली.

वही मात्र हवीच. दोनशे पानी, साधी, एकेरी रेघांची. प्रत्येक देशाला चार-पाच पानं सोडा आणि त्यातलं पहिलं पान नावांसाठी राखून ठेवा. माझ्या मते सगळ्या तयारीत कामाची गोष्ट ही एकच आहे. परदेशी कादंबरी अर्ध्यावर सुटते ती कठीण असते म्हणून नाही. कोण कुणाचा कोण हेच चाळिसाव्या पानावर कळेनासं होतं म्हणून. रशियन नावांना लोक उगाच घाबरतात. दोस्तोयेव्हस्कीच्या ‘क्राइम अँड पनिशमेंट’चा नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव, म्हणजे स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. आपल्या रेशनकार्डावर असतं तस्संच. फरक इतकाच की तिकडे आदरानं हाक मारताना स्वतःचं नि बापाचं नाव जोडून घेतात, आणि आई त्यालाच ‘रोद्या’ म्हणते. आपल्याकडे ज्ञानेश्वरचा ज्ञान्या होतो, तसंच. नावांच्या पानावर एका ओळीत ही तिन्ही रूपं लिहिली की अर्धा गोंधळ मिटतो.

मग कुठलं पुस्तक कुठल्या देशाच्या खात्यात टाकायचं, याचा नियम सुरुवातीलाच करून टाका. नाहीतर भांडणं होतात. आमच्या पाच जणांच्या गटात झाली. पु. ल. देशपांड्यांचं ‘एका कोळियाने’ घ्या. म्हातारा क्यूबाचा, समुद्र क्यूबाचा, मूळ लेखक हेमिंग्वे अमेरिकन. खातं कुणाचं? काफ्का १८८३ साली प्रागमध्ये जन्मला, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज चेकियात आहे, आणि लिहिलं त्यानं जर्मनमध्ये. इंतज़ार हुसैन जन्मले उत्तर प्रदेशात आणि लेखक झाले पाकिस्तानचे. माझा नियम असा: लेखक ज्या मातीबद्दल घरच्यासारखं बोलतो, तो देश. या नियमानं हेमिंग्वे अमेरिकेच्याच खात्यात गेला आणि क्यूबाचा रकाना रिकामा राहिला. गटातल्या एका काकांना हे आजही पटलेलं नाही.

पुस्तक हातात आलं की कव्हरवरची स्तुती सोडून शीर्षकपानाच्या मागचं पान उघडा. भाषांतर कुणी केलं आणि कुठल्या भाषेतून, ते तिथं बारीक टायपात असतं. अल्बानियाचे इस्माइल कादारे यांना २००५ साली पहिलं मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यांच्या बऱ्याच कादंबऱ्या इंग्रजीत आल्या त्या डेव्हिड बेलॉस यांनी केलेल्या, आणि त्याही अल्बानियनमधून नाही, फ्रेंच भाषांतरावरून. म्हणजे आपल्यापर्यंत येताना पाणी दोन भांड्यांतून ओतलेलं. म्हणून वाचू नये असं नव्हे, पण ‘भाषा काय सुंदर आहे’ असं म्हणण्याआधी कुणाची भाषा, हे तरी ठाऊक हवं. मराठी भाषांतर मिळत असेल तर पहिली दहा पानं आधी मराठीत वाचून पाहा. मराठी वाक्य इंग्रजीच्या पाठीवरून खरवडून काढल्यासारखं वाटलं, तर सरळ इंग्रजी घ्या. यात भाषाद्रोह वगैरे काही नाही.

पुस्तकं जमवायला गावातलं जुनं वाचनालय पहिलं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा ठिकाणी यादी दाखवून ग्रंथपालांनाच विचारा. संगणकात न दिसणारं पुस्तक त्यांना कपाटासकट आठवतं. रस्त्यावरचं जुनं पुस्तक घेताना मात्र पानांचे आकडे शेवटपर्यंत चाळा. मी एकदा घाईत घेतलं, तर १२८ व्या पानानंतर थेट १४५. सोळा पानांचा अख्खा फर्मा बांधणीतच राहून गेलेला. खून नेमका तिथंच झाला होता.

क्रम लावताना शेजारी आधी. आपण लॅटिन अमेरिकेची नावं पटापट घेतो आणि नेपाळची एक कादंबरी विचारली तर गप्प बसतो. पारिजात यांची ‘शिरीषको फूल’ मिळवा. लहानशी आहे. नेपाळी प्रत मिळाली तर लिपी आपलीच देवनागरी, एखादं पान मोठ्यानं वाचून बघा. अर्थ निम्माच लागतो, पण कान तयार होतो. मग पाकिस्तान, श्रीलंका, बांगलादेश, आणि त्यानंतर विमान.

आफ्रिकेची सुरुवात चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’नं करा, आणि त्याआधी नायजेरियाचा इतिहास वाचायला बसू नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. ओकोये नावाचा शेजारी उनोकाकडे उधारी मागायला येतो. आल्याआल्या पैशाचं बोलायचं नाही. कोला नट पुढे केला जातो, तो कुणी फोडायचा यावर ‘तुम्ही’, ‘नाही, तुम्ही’ होतं, खडूच्या रेघा ओढल्या जातात, पावसापाण्याच्या गप्पा होतात, आणि मग म्हणींच्या आडून मुद्द्याला हात. उनोका खो-खो हसतो आणि भिंतीवरच्या रेघा दाखवतो: एकेक रेघ शंभर कवड्यांची, आधी मोठी देणी फेडणार, तुझं नंतर. कोला नट कसा दिसतो हे शोधायची काही गरज आहे का? घरी आलेल्याला आधी पानसुपारी, मग व्यवहार, हे ज्यानं पाहिलंय त्याला या पानावर तळटीप लागत नाही. कादंबरीतल्या गावाचा आठवडा चार दिवसांचा आणि त्या दिवसांचीच नावं बाजारांना, हेही आठवडी बाजाराच्या गावात वाढलेल्याला चटकन कळतं. न कळलेले शब्द वहीत लिहून ठेवा, पुस्तक संपल्यावर शोधा. निम्मे तोवर आपोआप उलगडलेले असतात.

जाड पुस्तकांना सुट्टी राखून ठेवा. नगीब महफूझ यांना १९८८ चं नोबेल मिळालं. त्यांची कैरोची कादंबरी तीन खंडांची आहे आणि तिन्ही खंडांची नावं कैरोतल्या रस्त्या-मोहल्ल्यांवरून घेतलेली. पहिल्या खंडाची सुरुवात मध्यरात्री होते: अमीना ठरल्या सवयीनं उठते, नवरा मौजमजा करून परतणार असतो, त्याच्यासाठी दिवा धरायचा असतो. इथं नावांचं पान सोन्याचं. घरात दोन मुली, तीन मुलगे, त्यातला थोरला सावत्र. गणपतीत सुरू केलं तर दिवाळीला संपतं, आणि तोवर दुसरं काही यादीत ठेवू नका.

उलट इव्हो आंद्रिच यांच्या कादंबरीत नावांचं पान फाडून टाकलंत तरी चालेल. आंद्रिच बोस्नियात त्राव्निकजवळ जन्मले, नोबेल १९६१ चं, तेव्हा देश युगोस्लाव्हिया. त्यांच्या १९४५ च्या कादंबरीचा नायक म्हणजे विशेग्राडचा द्रिना नदीवरचा दगडी पूल. सोळाव्या शतकात बांधला जातो तिथपासून १९१४ पर्यंत माणसं येतात आणि जातात, पूल तेवढा राहतो. पुलाच्या मधोमध रुंद केलेली बसायची जागा आहे, तिला ते ‘कापिया’ म्हणतात. आपल्या गावातला पार डोळ्यांपुढे आणा, काम भागतं. या पुस्तकासाठी वहीत नुसती एक उभी रेघ ओढा आणि तिच्यावर सालं टाकत चला. नदीचा नकाशाही एकदा बघून ठेवा. नकाशाला माझी हरकत नाही, हरकत आहे ती वाचायच्या आधीच कथानक सांगून टाकणाऱ्या पानांना.

प्रस्तावनाही त्याच कारणासाठी शेवटी. विद्वान लोक पहिल्याच परिच्छेदात नायक मारून मोकळे होतात.

गट असेल तर चार-पाच जणांचा. महिन्याचा शेवटचा रविवार, चहा, आणि एकच अट: पुस्तक अर्धंच झालं असलं तरी यायचं. आणि बाराव्या महिन्यापुढे देशाचं नाव लिहू नका. अकरा पुस्तकांपैकी एखाद्या देशात परत जावंसं वाटतंच. मला विशेग्राडला जावंसं वाटलं.