महाडीबीटी शिष्यवृत्ती: पात्रतेच्या बदललेल्या नियमांत या चुका टाळा

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर ‘मुलींना उच्च शिक्षण मोफत’ हे वाक्य मुंबईतल्या घराघरांत पोहोचले. त्या वाक्याच्या अटी मात्र तितक्या पोहोचल्या नाहीत. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांचा प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झाला आहे, त्यांना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात पूर्वीच्या ५० टक्क्यांऐवजी १०० टक्के सवलत मिळते. याच गटांतील मुलांसाठी सवलत ५० टक्केच राहिली आहे. यातली एक अट जरी सुटली तरी बाकीच्या सगळ्या पूर्ण असून उपयोग होत नाही, आणि सुटते ती बहुधा उत्पन्नाची नव्हे, तर प्रवेशाच्या मार्गाची. या सवलतीचा अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो.

प्रवेश कोणत्या मार्गाने झाला?

मुंबईत ही चूक लोकलच्या प्रवासापायी होते. कॅप फेरीत कर्जतकडचे महाविद्यालय मिळाले, रोजचे जाणे-येणे झेपणार नाही असे घरात ठरले, मग ती जागा सोडून अंधेरीच्या एखाद्या महाविद्यालयात संस्थास्तरावर, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते ती, रिकामी राहिलेली जागा घेतली, असे पुष्कळ ठिकाणी घडते. महाविद्यालय तेच, वर्ग तोच, शेजारच्या बाकावरची मुलगी सवलतीस पात्र आणि ही अपात्र, कारण व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरील प्रवेश या योजनेतून वगळलेले आहेत. पुढच्या वर्षी गुण कितीही चांगले मिळाले तरी पहिल्या वर्षीच्या प्रवेशाचा प्रकार बदलत नाही, म्हणून हा निर्णय एका वर्षाच्या नव्हे, तर संपूर्ण अभ्यासक्रमाच्या शुल्काचा हिशेब मांडून घ्यावा. जागावाटपाच्या पत्रावर प्रवेशाचा प्रकार छापलेला असतो. शुल्क भरण्याआधी ती ओळ वाचावी. ‘आमच्याकडे सगळ्यांना शिष्यवृत्ती मिळते’ या तोंडी आश्वासनाला अर्जाच्या पडताळणीत काहीही किंमत नसते.

दुसरा गोंधळ ‘स्वायत्त’ आणि ‘अभिमत’ या शब्दांचा आहे. माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारखे स्वायत्त (स्वतःचा अभ्यासक्रम व परीक्षा ठरवणारे) महाविद्यालय आणि खाजगी अभिमत विद्यापीठ (विद्यापीठाचा दर्जा मिळालेली, स्वतः पदवी देणारी संस्था) यांत या योजनेच्या दृष्टीने मोठे अंतर आहे: पहिले पात्र संस्थांत बसते, दुसरे बसत नाही. स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठेही वगळलेली आहेत.

बीएमएस, बीबीए आणि बीसीए या व्यवस्थापन व संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांबाबत तर अधिक सावध राहावे लागते. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी कक्षाने त्यांच्यासाठी प्रवेश परीक्षा सुरू केली. त्याच वेळी मुंबईतील अनेक महाविद्यालयांनी आपल्या अभ्यासक्रमांची नावे बदलून ते वाणिज्य शाखेखाली आणले, त्यामुळे सीईटी न देता प्रवेश मिळण्याची सोय झाली खरी, पण नाव बदललेल्या अभ्यासक्रमाला व्यावसायिक अभ्यासक्रमाची सवलत आपोआप लागू होईल असे गृहीत धरणे चुकीचे आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातले नाव आणि महाडीबीटीच्या यादीतले नाव अक्षरशः जुळवून पाहावे.

‘मोफत’ म्हणजे किती?

सवलत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, अनामत रक्कम आणि इतर आकारणी तिच्यात येत नाही. उदाहरणादाखल, एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क १,००,००० रुपये आणि विकास शुल्क १०,००० रुपये धरले, तर पात्र मुलीला १०,००० रुपये आणि पात्र मुलाला ६०,००० रुपये घरातून द्यावे लागतील. शुल्काची पावती एकाच रकमेची मिळाली असेल तर तिची फोड मागून घ्यावी, कारण नंतर उद्भवणारे बहुतेक वाद या फोडीतूनच उद्भवतात.

दाखले: एकाच्या जागी दुसरा

आठ लाख हा आकडा दोन ठिकाणी येतो आणि तिथेच घोटाळा होतो. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र (कुटुंब मागास वर्गातील प्रगत गटात मोडत नसल्याचे) आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी असते, तर योजनेसाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला लागतो. एक जोडल्याने दुसऱ्याची गरज संपत नाही. आई-वडील दोघेही कमावते असतील तर दोघांचेही उत्पन्न मोजले जाते. वडिलांचा फॉर्म १६, म्हणजे पगार व करकपातीचा दाखला, जोडायचा आणि आईच्या शिकवण्यांचे उत्पन्न ‘ते किरकोळ आहे’ म्हणून सोडून द्यायचे, हा प्रकार तपासणीत अंगलट येतो. दाखल्याची मुदत साधारणपणे ३१ मार्चला संपते, त्यामुळे मागच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला या वर्षीच्या अर्जाला जोडण्यापूर्वी त्यावरील तारीख पाहावी. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. आपला पत्ता कोणत्या तालुक्यात येतो हे आधी पाहिले तर सेतू केंद्रातला हेलपाटा वाचतो.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचे केंद्राचे आणि राज्याचे नमुने वेगळे आहेत. पवईच्या आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थेसाठी काढलेले प्रमाणपत्र राज्याच्या प्रवेशाला चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने मराठा समाजासाठी १० टक्के आरक्षणाचा कायदा केल्यापासून त्या (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातील विद्यार्थ्याला राज्यात आर्थिक दुर्बल घटकाचा लाभ घेता येत नाही, आणि कुणबी नोंद सापडून इतर मागास वर्गाचे प्रमाणपत्र मिळालेल्यांची योजना व विभाग दोन्ही बदलतात. प्रवेशाच्या वेळी नोंदवलेला प्रवर्ग आणि महाडीबीटीच्या प्रोफाइलमधला प्रवर्ग वेगळा निघाला, तर अर्ज तिथेच अडकतो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी आठ लाखांचा हा आकडा आपल्याला लावून घेऊ नये. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे, जिला महाविद्यालयांत सगळे ‘फ्रीशिप’ म्हणतात. उत्पन्न जास्त म्हणून अर्जच न करणारे विद्यार्थी हकनाक शुल्क भरतात.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि मराठा प्रवर्गातील विद्यार्थ्यांना वरील सवलत ज्या योजनेतून मिळते, त्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीच्या काही अटी छोट्या दिसतात, पण नूतनीकरणाच्या वेळी त्याच आडव्या येतात: कुटुंबातील पहिल्या दोन अपत्यांपुरताच लाभ, आधीच्या सत्रात किमान ५० टक्के उपस्थिती, अभ्यासक्रमादरम्यान दोन वर्षे किंवा अधिक खंड नसणे, आणि दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती न घेणे.

अर्ज भरला, पैसे आले नाहीत

प्रथम अर्ज कोणाकडे आहे ते पाहावे. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाकडे, नंतर प्राचार्यांच्या आणि मग विभागाच्या लॉगिनला जातो. त्रुटीसाठी परत पाठवलेला अर्ज विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा सादर केला नाही, तर तो आपल्याच महाडीबीटी लॉगिनमध्ये पडून राहतो. ‘सबमिट केला होता’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्यांचे बहुतेक अर्ज असेच बाद होतात.

अर्ज मंजूर होऊनही रक्कम दिसत नसेल तर ती आधारशी जोडलेल्या दुसऱ्या खात्यात गेली असण्याची शक्यता मोठी असते. अर्जात आपण कोणते खाते लिहिले यापेक्षा थेट लाभासाठी आधारशी शेवटचे कोणते खाते जोडले गेले हे महत्त्वाचे ठरते. मोबाइल दुकानात सहज उघडलेले पेमेंट्स बँकेचे खाते आधारशी जोडले गेले असेल, तर पैसे तिथे जमा होतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ तपासले की दोन मिनिटांत हे कळते.

तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर अर्ज क्रमांक, शुल्काची फोड आणि जागावाटपाचे पत्र घेऊन योजनेनुसार कार्यालय गाठावे. अभियांत्रिकी आणि इतर तंत्रशिक्षणासाठी वांद्रे पूर्वेला खेरवाडीत तंत्रशिक्षण विभागाच्या सहसंचालकांचे कार्यालय आहे, तर उपनगरातील अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीसाठी चेंबूरच्या प्रशासकीय इमारतीत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जावे लागते.