इन्सुलिन लागू पडेनासे झाले, तर आधी काय तपासावे

युनिट ठरलेले, वेळा ठरलेल्या, जेवणही नेहमीचेच, आणि तरीही शुगर तीनशेच्या खाली यायचे नाव घेत नाही, अशी वेळ टाईप वन मधुमेह असलेल्या घरात कधी ना कधी येतेच. अशा वेळी काही जण अंदाजाने युनिट वाढवत जातात, तर काहींचा इन्सुलिनवरचा विश्वास उडतो आणि ते झाडपाल्याकडे वळून इंजेक्शन बंद करतात. हा दुसरा मार्ग थेट जिवावर बेततो, कारण टाईप वनमध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळपास तयारच करत नाही. इन्सुलिन खरोखरच निष्प्रभ ठरावे असा शारीरिक विकार फार दुर्मीळ आहे. बहुतेक वेळा दिलेला डोस शरीरापर्यंत पुरता पोहोचत नसतो किंवा शरीराची गरज वाढलेली असते. नेमके कुठे अडते आहे, हे क्रमाने शोधता येते.

मात्र शोध सुरू करण्यापूर्वी कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर शरीर चरबी जाळू लागते तेव्हा रक्तात साचणारी आम्लद्रव्ये, तपासावेत. शुगर अडीचशेच्या वर राहिली किंवा अंगात ताप असला, तर लघवीच्या कीटोन पट्टीने तपासणी करावी. ही पट्टी औषध दुकानात मिळते आणि टाईप वन असलेल्या घरात ती कायम असावी. पट्टीवर मध्यम किंवा गडद रंग आला, तर डॉक्टरांना लगेच फोन करावा, पाणी पाजत राहावे आणि रुग्णाला शेतातले काम किंवा खेळ करू देऊ नये. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर 108 वर फोन करून रुग्णालय गाठावे. मुलगा काही खात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही या आजारातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आजारपणात डोस किती ठेवायचा हे डॉक्टर ठरवतील, परंतु चोवीस तास काम करणारे इन्सुलिन थांबवायचे नसते. गावातल्या दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य ‘याला टाईप वन मधुमेह आहे’ हेच असावे, आणि अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली लावण्याआधी शुगर व कीटोन तपासण्याची विनंती करावी. उलट्या आणि पोटदुखी हे पित्त समजून घरी थांबल्याने मौल्यवान तास वाया जातात.

मराठवाड्यात पहिला संशय उन्हावर घ्यावा. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते, आणि वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण 30 अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. नेमकी मुदत त्या-त्या इन्सुलिनच्या माहितीपत्रकात दिलेली असते. परभणी किंवा नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा 42 ते 44 अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या खोलीत दुपारी उकाडा त्याहून वाढतो, आणि उन्हात लावलेल्या मोटारसायकलच्या डिक्कीत तर इन्सुलिन तासाभरासाठीही ठेवू नये. केनियातील दागाहाले निर्वासित छावणीतल्या तापमानाच्या नोंदी घेऊन जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ यांनी केलेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. तापमान 25 ते 37 अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होत राहिले, तरी चार आठवड्यांत इन्सुलिनची ताकद टिकून राहिली, असे त्यात आढळले. फ्रीज नसलेल्या घरासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण आपल्याकडच्या माठाने एवढे साधते. बाटली कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालावी, ती डबी लहान मडक्यात ठेवावी, ते मडके ओल्या वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात बसवावे, वर ओले फडके टाकावे आणि सगळे सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, म्हणून ही सोय मे महिन्यात उत्तम काम करते. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाढला की तिचा गारवा कमी होतो, पण तेव्हा मुळात उष्णताच कमी असते.

फ्रीज असला तरी इन्सुलिन बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी टाकूनच द्यावे. एसटीच्या प्रवासात बर्फाच्या पिशवीला बाटली थेट चिकटवल्यानेही हेच घडते, म्हणून मध्ये रुमालाची घडी ठेवावी. बाटली उजेडात धरून पाहावी. पाण्यासारखे स्वच्छ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा मुळात दुधाळ असलेल्या इन्सुलिनमध्ये हलवल्यानंतरही कण व गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. उष्णतेने ताकद गेलेले इन्सुलिन दिसायला अगदी चांगलेही असू शकते. त्यामुळे शंका आली की नवी बाटली उघडून तोच डोस द्यावा आणि एक-दोन दिवसांत फरक पडतो का ते पाहावे. नव्या बाटलीने शुगर उतरली, तर दोष कुठे होता ते कळलेच.

यानंतर सिरिंज पाहावी. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटचे असते आणि पेनमधले सहसा 100 युनिटचे. 40 ची सिरिंज लाल टोपणाची आणि 100 ची केशरी टोपणाची मिळते. 40 च्या बाटलीतून 100 च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध भरले, तर प्रत्यक्षात आठच युनिट शरीरात जातात. उलट गल्लत झाली, म्हणजे 100 चे इन्सुलिन 40 च्या सिरिंजने दिले, तर वीसऐवजी पन्नास युनिट जातात आणि शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. दुकान किंवा गाव बदलले की हा आकडा दोन्हींवर वाचून पाहावा. पेन वापरत असल्यास दर वेळी आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब आल्याची खात्री करावी, इंजेक्शन दिल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढावी आणि पेनला सुई तशीच लावून ठेवू नये. दुधाळ इन्सुलिन तळहातांत हळू फिरवून एकजीव करावे.

सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते ती त्वचा. वर्षानुवर्षे पोटावर ठराविक दोन जागीच सुई टोचली, की तिथे चरबीची मऊ गाठ तयार होते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी हळू, कधी एकदम, कधी अर्धवटच शोषले जाते. गाठीवर टोचलेले दुखत नाही, म्हणून मुले नेमकी तीच जागा पुढे करतात. आंघोळीच्या वेळी ओल्या, साबण लावलेल्या बोटांनी बेंबीच्या दोन्ही बाजू, मांड्या आणि दंड सावकाश चाचपावेत. डोळ्यांना न दिसणारी गाठ अशा वेळी बोटाखाली रबरासारखी लागते. लिहायच्या पेनाने तिच्याभोवती रेघ ओढून ती जागा काही महिने सोडून द्यावी, आणि रोज आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर ठेवून जागा बदलावी. इथे एक मोठी खबरदारी आहे. निरोगी त्वचेतून इन्सुलिन पूर्ण शोषले जाऊ लागते, त्यामुळे वाढवत नेलेला जुना डोस तसाच दिला तर शुगर घसरते. जागा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून डोस कमी करावा, काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी, रात्रीही एकदा, आणि साखर हाताशी ठेवावी.

शुगर तपासायचे यंत्रही फसवते. आंबा किंवा गूळ हाताळलेल्या बोटाचे रक्त घेतले तर आकडा भलताच वर येतो. हात साबणाने धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासावे आणि पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे ठेवू नये. जेवणाबाबत, ज्वारीच्या भाकरीने शुगर वाढत नाही, हा गैरसमज फार रुजलेला आहे. ज्वारी चांगलीच, परंतु तिच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात आणि त्यांचा हिशेब इन्सुलिनमध्ये धरावाच लागतो. हुरड्याच्या दिवसांत शेतात खाल्लेल्या ओंजळी आणि नवरात्राच्या उपवासातली भगर व साबुदाणा यांनाही हेच लागू आहे.

हे सगळे ठीक असूनही शुगर उतरत नसेल, तर शरीराची गरज वाढली असावी. निदानानंतर काही महिने थोड्या इन्सुलिनवर भागते, कारण स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या काही पेशी शिल्लक असतात. त्या संपल्या की डोस वाढतो आणि घरच्यांना औषध बिघडल्यासारखे वाटते. वयात येताना, पाळीच्या आधी, दातात किंवा लघवीत जंतुसंसर्ग असताना, क्षयरोगात आणि स्टेरॉइडच्या औषधांनीही गरज वाढते. चार-पाच दिवस उपाशीपोटी, जेवणांआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि एखाद्या रात्री तीन वाजता तपासून वहीत आकडा, युनिट, जागा आणि खाल्लेले लिहावे, आणि ती वही, बाटली, सिरिंज किंवा पेन घेऊन तज्ज्ञांकडे जावे. खाजगी उपचार परवडत नसल्यास छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. डॉक्टरांसमोर एकदा स्वतः इंजेक्शन देऊन दाखवावे. कागदावर न दिसणारी चूक तिथे दिसते.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी ही तयारी दिवाळीच्या आधीच करावी. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, फ्रीज नसतो, म्हणून दोन मडकी बरोबर न्यावीत. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात नाव सांगून ठेवावे. आणि इन्सुलिनचे नाव, 40 की 100, सकाळ-संध्याकाळचे युनिट व डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद एक मुलाच्या खिशात आणि एक मुकादमाकडे द्यावा, म्हणजे रात्री-अपरात्री गाडी काढायची वेळ आली तर कशासाठी आणि कुठे जायचे हे त्याला आधीपासून माहीत असेल.